पाठीचा ब्रेस आणि दातांची तार

मुलांच्या वाकड्या दातांना लावतात ती तार तुम्ही पाहिली असेलच. ती बऱ्याचदा निटिनॉलची, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. वाकवली तरी मूळ आकाराकडे येते आणि कमी-जास्त ताणली तरी तिचा जोर जवळपास तेवढाच राहतो. आपल्या बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्येही अशा ‘आकार लक्षात ठेवणाऱ्या’ धातूंवर काम झालं आहे. आता हाच गुण संशोधक पाठीच्या ब्रेसमध्ये आणू पाहत आहेत.

वाढत्या वयात कणा बाजूला वळला, म्हणजे स्कोलिओसिस झाला आणि बाक 25 ते 40 अंशांचा असला, तर डॉक्टर सहसा ब्रेस देतात. बाक वाढू न देणं हे त्याचं काम. पण कडक प्लास्टिकचं कवच युनिफॉर्मच्या आत घालून दिवसभर वर्गात बसायचं? घाम, टोचणं, वर मैत्रिणींचे प्रश्न. मग ते कपाटात जातं! 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेसमध्ये तापमानाचा सेन्सर बसवून तास मोजले. रोज सरासरी 13 तास किंवा जास्त घालणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला.

निटिनॉलचा पट्टा अंगाबरोबर हलतो, तरी दाब सोडत नाही. त्यामुळे तास वाढतील, ही आशा. मात्र असे ब्रेस अजून मुख्यतः प्रयोगातच आहेत, त्यांची वाट पाहत थांबू नका. मुलाला पाय जुळवून पुढे वाकायला सांगा. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.