उघड्या खिडकीचा हिशेब

डिसेंबरात सकाळी धुके पडले की आपण बेळगावकर स्वेटर चढवतो आणि ‘यंदा थंडी फार’ असे म्हणतो. परंतु खरी थंडी पाहायची तर ग्वाल्हेरला जावे. तेथे डिसेंबर-जानेवारीत कित्येक रात्री पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. शिंद्यांच्या छावणीचे पुढे जे शहर झाले, त्या लष्कर भागात आजही अनेक मराठी कुटुंबे आहेत. माझी आत्या त्यांपैकीच एका घरी नांदते. तिच्याकडे हिवाळ्यात जाणे होते, आणि तेथे जे पाहिले त्यावरूनच हा लेख लिहावासा वाटला.

पूर्वी त्या घरांत कोळशाची शेगडी पेटत असे. शेगडी काही निर्धोक नव्हती; बंद खोलीत ती जीव घेतच असे. पण जुन्या वाड्यांना चौक होता, छत उंच होते आणि दारांना फटी होत्या. आता वाड्यांच्या जागी फ्लॅट आले. खिडक्या घट्ट बसतात. उरलीसुरली फट जुन्या कापडाने बुजवतात, मध्ये गॅसचा हीटर लावतात आणि सगळे कुटुंब त्याभोवती बसते. अमेरिकेत घरोघरी गॅसची शेकोटी असते, असे आपण ऐकतो. पण तेथील पुष्कळ शेकोट्यांना धूर बाहेर नेणारे नळकांडे जोडलेले असते. आपल्या हीटरला असे काहीच नसते. तो जे सोडतो ते खोलीतच राहते.

गॅसची भीती आपल्याला नाही असे नाही. सिलिंडरला किंचित वास आला तरी घरभर धावपळ होते. गंमत अशी की तो वास गॅसचा स्वतःचा नव्हेच! गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. हीटर पेटल्यावर मात्र जे विष तयार होऊ शकते, त्याला ना वास, ना रंग. प्रोपेन जळायला त्याच्या पाचपट, तर ब्युटेन जळायला साडेसहापट ऑक्सिजन लागतो. बंद खोलीतला ऑक्सिजन कमी होत गेला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. जागा माणूस निदान उठून बाहेर तरी जाईल. झोपलेल्याला जागच येत नाही. ज्याला वास आहे त्याला आपण भितो आणि ज्याला वास नाही त्याच्या शेजारी अंथरूण घालतो, असा हा उलटा न्याय आहे.

ही कल्पनेची भीती नव्हे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन या थंड हवेच्या ठिकाणी (आपल्याकडील दमण नव्हे) केरळचे आठ पर्यटक एका खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले. दारे-खिडक्या आतून बंद होत्या. सकाळी आठांपैकी एकही वाचला नाही. त्यांत चार मुले होती.

आत्याला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अरे बाळा, खिडकी उघडी ठेवायची तर गॅस कशाला जाळायचा? पैसे काय रस्त्यावर टाकायचे?” प्रश्न रास्त आहे. सिलिंडर महाग आहे, विजेच्या हीटरचे बिल परवडत नाही आणि घरात म्हातारी माणसे कुडकुडत असतात. म्हणून ‘हीटर वापरूच नका’ हा उपदेश मला पटत नाही. पण वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने आत्याच्या हिशेबात मला एक चूक दिसते. खिडकीतून जाणारी ऊब ती तोट्यात मांडते. वास्तविक तो विम्याचा हप्ता आहे. आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे कोणी म्हणते काय?

खऱ्या विम्याचेही पाहा. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत गॅस ग्राहकांसाठी विमा उतरवलेला आहे आणि त्यात मृत्यूबद्दल प्रत्येकी ६ लाख रुपयांची तरतूद आहे. पण तो आहे गॅसमुळे लागलेल्या आगीच्या अपघातासाठी. जेथे आगच लागली नाही, माणूस नुसता झोपेत गेला, तेथे वारसांनी काय दाखवायचे?

म्हणून सारा भार ग्राहकावर टाकणेही मला मान्य नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबरोबरच पुरेशी सूचना किंवा इशारा न देणाऱ्या उत्पादकालाही जबाबदार धरले आहे. मग हीटरवरचा इशारा बारीक इंग्रजीत का? ग्वाल्हेरला तो ठळक हिंदीत हवा, आपल्याकडे कानडी-मराठीत हवा. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात, स्वयंपाकाची शेगडी सोडून, जळणावर चालणारे कायमचे बसवलेले साधन ज्या खोलीत असेल तेथे या वायूची सूचना देणारी घंटा बसवणे घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या मालकांनी निदान झरोके तरी बुजवू नयेत!

तोवर नियम साधे आहेत. हीटर असेल त्या खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवावी. झोपण्यापूर्वी तो बंद करून सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करावा. ज्योत निळी न राहता पिवळी झाली तर दुरुस्तीशिवाय वापरू नये. घरातल्या सर्वांचेच डोके एकदम दुखू लागले तर ते थंडीचे दुखणे समजू नये. सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि १०८ ला फोन करावा. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

‘आमच्याकडे हीटरच नाही,’ असे म्हणून कोणी हे पान उलटू नये. आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी उत्तरेत जातील. आणि आज आपल्याच गावात, कडी लावलेल्या अरुंद न्हाणीघरात जो गॅसचा गीझर चालतो, तो हाच वायू सोडू शकतो. मित्रहो, आज घरी गेल्यावर न्हाणीघराचा झरोका उघडा आहे की बुजवलेला, एवढे पाहाल काय?