उसना सावळा रंग

‘बाला’ (२०१९) हा हिंदी चित्रपट मनाने वाईट नाही. टक्कल पडलेला नायक, सावळी वकील मैत्रीण, आणि रंगारूपावरून माणूस तोलू नका हा उपदेश. शेवटी ती मुलगी नायकाला नकार देते, हे तर मला फारच आवडलं. पण या सावळ्या मुलीच्या कामाला घेतली भूमी पेडणेकर, आणि तिला मेकअपने काळी केली! काम ती छान करते, तिच्यावर माझा राग नाही. पण एवढ्या मोठ्या देशात एक सावळी नटी सापडू नये?

यावर उत्तर ठरलेलं. नटाने कोणतीही भूमिका करावी. मान्य. मग गोऱ्या नायिकेचं काम सावळीला का मिळत नाही?

गोरं करणारं ते प्रसिद्ध क्रीम १९७५ साली बाजारात आलं. २०२० साली त्याच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. आपल्याकडे स्थळाच्या जाहिरातीत ‘गोरी’ लिहायची लाज वाटू लागली तेव्हा ‘निमगोरी’, ‘उजळ’ हे शब्द आले, त्यातलाच प्रकार. (आणि आषाढीला सावळ्या विठोबापुढे रांग लावणारे आपणच.)

शाळाही काही वेगळ्या नाहीत. संमेलनाला पाहुण्यांना ओवाळायला गोऱ्या मुली पुढे, बाकीच्या समूहगीताच्या मागच्या रांगेत. सहावीतल्या मुलीला कुणी काही सांगावं लागत नाही. तिला ते कळतं आणि ती गप्प बसते.

हे गप्प बसणं मी पडद्यावर पाहिलं ते ‘फँड्री’त (२०१३). नागराज मंजुळेंचा जब्या डुकरं पकडताना शालूच्या नजरेला पडू नये म्हणून लपत राहतो. आपल्या अंगाची, कामाची, जातीची लाज एकाच वेळी. ते काम करणारा मुलगा नट नव्हताच, म्हणून ती लाज उसनी वाटत नाही.

‘लोकांना गोरंच लागतं’ म्हणणाऱ्यांनी ‘सैराट’ (२०१६) आठवावा. अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू, बुलेटवर बसलेली, आणि थिएटरं भरभरून. तोवर कुठल्याच मराठी चित्रपटाने एवढी कमाई केली नव्हती. म्हणजे लोकांना माणूस चालतो, अडतं ते पैसे लावणाऱ्यांचं. त्याचाच हिंदीत ‘धडक’ (२०१८) झाला तेव्हा चेहरे गुळगुळीत झाले आणि जातीचा प्रश्नही पार पातळ झाला. मला हे दोन्ही एकाच हाताचं काम वाटतं. चेहऱ्यावरचं ऊन पुसलं की त्यामागचं जगणंही पुसलं जातं.

असो. आपल्या घरची मंडळी हे वाचतात म्हणून एक स्पष्टच लिहिते. पुढच्या बारशाला पाळण्यात डोकावून ‘रंग कुणावर गेलाय?’ असं कुणी विचारलं, तर मी तिथल्या तिथे बोलणार आहे. मग म्हातारी भांडकुदळ म्हणालात तरी चालेल.