विश्लेषण : नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी… मान्यता मिळाली, वेळ कोण देणार?

‘नोकरी न सोडता पदवी घ्या’, ‘तुमच्या सोयीने शिका’ अशा जाहिराती सध्या मोबाइलवर सतत दिसतात. बारावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे कामाला लागलेला चाकणचा कामगार असो किंवा केवळ पदवी नाही म्हणून बढती अडलेली एखाद्या मॉलमधली कर्मचारी, त्यांच्यासाठी ही खरोखरच मोठी संधी आहे. ‘ही पदवी चालते का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मात्र या पदवीला आठवड्याचे किती तास लागतात आणि ते आणायचे कुठून, हे जाहिरातीत नसते. प्रवेशाच्या वेळीही ते सहसा कोणी सांगत नाही.

ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे का?

होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सप्टेंबर २०२०मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणासाठी एकत्रित नियमावली लागू केली. तिच्यानुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी ही वर्गात बसून मिळवलेल्या पदवीशी समकक्ष मानली जाते. सप्टेंबर २०२२मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीरपणे स्पष्ट केले. त्यामुळे ‘ऑनलाइन पदवी दुय्यम’ या समजुतीला कायद्याचा आधार उरलेला नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या मनातला आधार जायला वेळ लागेल, तो भाग वेगळा.

पण ही समकक्षता ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर उभी आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुरचना, विधी अशा अभ्यासक्रमांची पदवी ऑनलाइन देता येत नाही. ऑनलाइन पीएचडीलाही मान्यता नाही. बाकीच्या विषयांतही प्रत्येक विद्यापीठाला मुभा नाही. ‘नॅक’चे मूल्यांकन किंवा ‘एनआयआरएफ’ क्रमवारी यांच्या निकषांत बसणाऱ्या संस्थांनाच ती मिळते.

फसवणूक कुठे होते?

बहुतेकदा विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्या मधल्या जागेत. मान्यता विद्यापीठाच्या नावाला सरसकट नसते. ती अभ्यासक्रमागणिक आणि शैक्षणिक सत्रागणिक असते. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तशी यादी असते. प्रवेश घेण्यापूर्वी त्या यादीत विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि चालू सत्र या तिन्ही गोष्टी एकत्र सापडल्या पाहिजेत. ‘गेल्या वर्षी मान्यता होती’ हे उत्तर पुरेसे नाही. २०२४-२५पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा ‘डेब आयडी’ काढावा लागतो. तो ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या खात्याशी जोडलेला असतो. कोणी ‘आयडीचे नंतर बघू, आधी पैसे भरा’ म्हणाले, तर पाकीट खिशातच ठेवलेले बरे.

विद्यापीठांना असे अभ्यासक्रम फ्रँचायझी पद्धतीने चालवण्यास मनाई आहे. तरीही फोनवरून गोड बोलणारा ‘समुपदेशक’ अनेकदा विद्यापीठाचा नसून विक्री करणाऱ्या कंपनीचा असतो. शुल्क हप्त्यांनी भरण्याची सोय म्हणून जे दाखवले जाते, ते पुष्कळदा वित्तसंस्थेने विद्यार्थ्याच्या नावावर दिलेले कर्ज असते. अभ्यास पहिल्या सत्रात सुटला तरी हप्ता सुटत नाही.

आठवड्याला २३ तास, ते कसे?

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे शिक्षण. व्हिडीओ पाहणे, वाचन, स्वाध्याय, परीक्षेची तयारी हे सगळे त्यात धरले आहे. वर्षाला ४० श्रेयांक म्हणजे १२०० तास. त्यांना ५२ आठवड्यांनी भागले की दर आठवड्याला साधारण २३ तास येतात, तेही दिवाळी-गणपतीची एकही सुट्टी न घेता.

आता नोकरी करणाऱ्याचा आठवडा पाहू. आठवड्याचे एकूण तास १६८. कामाचे ४८. डोंबिवली-बदलापूरकडून मुंबईत किंवा पिंपरीतून हिंजवडीला येण्या-जाण्यात रोज अडीच तास धरले, तर सहा दिवसांचे १५. रोजची सात तासांची झोप म्हणजे ४९. उरले ५६. त्यातून अभ्यासाचे २३ वजा केले की ३३ तास राहतात, म्हणजे दिवसाला पावणेपाच तासांच्या आत. आंघोळ, जेवण, बाजार, मुले, आजारपण, लग्नकार्य सगळे एवढ्यात बसवायचे. अवघड आहे, पण अशक्य नाही. लोकलमध्ये कानात इयरफोन घालून व्याख्यान ऐकणारे दोन्ही वेळा थोडेफार वाचवतात. अर्थात, बसायला जागा मिळाली तर.

महिलांसाठी हे गणित बदलते का?

पूर्णपणे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या विनामोबदला कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. पुरुषांचा ८८ मिनिटे. वरच्या हिशेबात उरलेले ३३ तास म्हणजे दिवसाची सुमारे २८३ मिनिटे. म्हणजे जो वेळ पुरुष विद्यार्थ्याला ‘उरतो’, तो स्त्रीच्या बाबतीत स्वयंपाक, धुणीभांडी आणि झाडलोट यांतच संपतो. ही सरासरी घरकाम करणाऱ्या सर्व स्त्रियांची आहे, नोकरदार स्त्रीचा आकडा थोडा कमी असू शकेल. मग तिने काय सोडायचे? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते. ती झोप सोडते आणि काही महिन्यांनी अभ्यास. ‘घरबसल्या शिका’ हे वाक्य तिच्यासाठी सोय आहे की आणखी एक पाळी, हे घरातले बाकीचे लोक ठरवतात.

पूर्वी नोकरी करणारे कसे शिकत होते?

काम करणाऱ्यांच्या शिक्षणाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८५५मध्ये कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरदारांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. मुंबई विद्यापीठाने १९७१मध्ये पत्राद्वारे शिक्षण आणले आणि १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. तेथील अभ्यासकेंद्रांवरच्या संपर्क सत्रांनी कित्येक अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई आणि लिपिकांना पदवीपर्यंत नेले.

या प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. कामगाराच्या वेळेनुसार संस्थेने आपले वेळापत्रक हलवले होते. ऑनलाइन पदवीत संस्थेने वेळापत्रकच काढून घेतले आणि त्याला ‘स्वातंत्र्य’ म्हटले. ठरलेल्या वेळी ठरलेल्या बाकावर बसलेले चार सहविद्यार्थी माणसाला टिकवून धरतात. मोबाइलमधला न पाहिलेला व्हिडीओ तसे करत नाही.

परीक्षेचे आणि रजेचे काय?

ऑनलाइन अभ्यासक्रमात अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत असतो, उरलेले गुण सत्रान्त परीक्षेचे. ती देखरेखीखालीच द्यावी लागते, कधी घरून कॅमेऱ्यासमोर तर कधी केंद्रावर जाऊन. मद्रास आयआयटीच्या डेटा सायन्समधील बीएस पदवीचे शिक्षण व्हिडीओवर होते, परीक्षा मात्र प्रत्यक्ष केंद्रावर, तीही रविवारी. नोकरदाराला काय लागते याची जाण त्या एका रविवारात दिसते.

इतरत्र पेपर कामाच्या दिवशी येतो. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार तो लागू असलेल्या आस्थापनेत वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. दोन सत्रांचे मिळून दहा-बारा पेपर सहज होतात. परीक्षेसाठी वेगळी रजा या कायद्यात नाही. मोजक्या माणसांच्या छोट्या दुकानात किंवा डिलिव्हरीच्या कामात तर रजा म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणे. भरतीच्या जाहिरातीत ‘पदवीधर हवा’ लिहिणाऱ्या कंपन्यांना स्वतःच्या कर्मचाऱ्याला वर्षाला दहा दिवस देणे परवडत नाही, हे पटणारे नाही. विद्यापीठांनीही सत्र सुरू होतानाच परीक्षेच्या तारखा द्याव्यात, प्रवेशपत्रकात आठवड्याचे तास छापावेत आणि किती जणांनी प्रवेश घेतला व किती जण पदवीधर झाले, हे जाहीर करावे. शुल्क घेताना आकडे चोख असतात, मग इथे अडचण काय?

मध्येच सोडावे लागले तर?

नव्या शैक्षणिक धोरणाने यावर उपाय ठेवला आहे. एक वर्ष पूर्ण झाले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि कमावलेले श्रेयांक क्रेडिट बँकेत साधारण सात वर्षे जमा राहतात. पाळी बदलली, बाळंतपण आले, घरात दुखणे निघाले तर केलेला अभ्यास वाया जात नाही. अट इतकीच की त्या विद्यापीठाने हा मधला टप्पा खरोखर दिलेला असावा आणि श्रेयांक वेळेवर खात्यात भरलेले असावेत. पहिल्या सत्राचा निकाल लागला की डिजिलॉकर उघडून ते जमा झाले का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. झाले नसतील तर तक्रार त्याच आठवड्यात, लेखी करावी.