हिमनदीवरील स्कीइंगचे भवितव्य
फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतातील तीन्य या गावाचा मूळ भाग १९५२ मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेला आणि त्यानंतर सुमारे २१०० मीटर उंचीवर जे नवे पर्यटनस्थळ उभे राहिले, त्याची कीर्ती ग्रांद मोत या हिमनदीवर, म्हणजे वर्षानुवर्षांचे हिम दबून घट्ट झालेल्या आणि उतारावरून अतिशय संथपणे सरकणाऱ्या बर्फाच्या प्रवाहावर आधारलेली आहे. १९९३ पासून डोंगराच्या पोटातून धावणारी, तारेने ओढली जाणारी रेल्वे आणि पुढे ३४५६ मीटरपर्यंत नेणारा रोपवे यांमुळे तेथे एकेकाळी जवळजवळ वर्षभर स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून हिमावरून घसरत जाण्याचा खेळ, शक्य होता. मात्र तापमानवाढीमुळे वरचा हिमथर लवकर वितळून खालचा गडद बर्फ उघडा पडतो, तो अधिक उष्णता शोषतो आणि वितळण्याचा वेग वाढतो. परिणामी उन्हाळी हंगाम फार आखडला आहे. हिमनदी ही केवळ क्रीडांगण नसून नद्यांना उन्हाळ्यात पाणी पुरवणारा साठाही असल्याने, तिचे रक्षण हे कोणत्याही हंगामी उत्पन्नापेक्षा मोठे कर्तव्य मानले गेले पाहिजे.