रक्ताच्या आधी मेंदू

बारशाला गेलं की बाळाचं वजन हमखास विचारलं जातं. नाक कुणासारखं, रंग कुणाचा, यावर तर परिषदच भरते. आईच्या अंगात रक्त किती होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. विषय निघालाच तर "जरा कमी होतं, बायकांना असतंच" एवढ्यावर मिटतो.

माझं म्हणणं असं, की हे "असतंच" आपल्याला फार महागात पडतंय.

लोह म्हणजे रक्त, एवढंच आपण शाळेत शिकलो. पण बाळाच्या मेंदूलाही ते लागतं. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढायला, डोपामिनसारखी निरोप पोचवणारी रसायनं बनायला, आठवणी साठवणारा भाग घडायला. आणि गोम अशी, की लोह कमी पडलं की शरीर आहे तेवढं आधी रक्ताकडे वळवतं. म्हणजे रिपोर्टात हिमोग्लोबिन उतरलेलं दिसेपर्यंत मेंदूची उपासमार सुरू झालेली असते!

मग उशिरा का होईना, औषध दिलं की भरून निघेल ना? इथेच घोडं अडतं. कोस्टारिकात बेट्सी लोझॉफ आणि सहकाऱ्यांनी काही मुलांचा बाळपणापासून १९व्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. २००६ साली त्यांनी मांडलेले आकडे वाचून मी गप्पच झाले. बाळपणी लोहाची तीव्र, दीर्घकाळची कमतरता असलेल्या मुलांना तेव्हाच औषध मिळालं होतं. तरीही बौद्धिक चाचण्यांत ती मागेच राहिली. बऱ्या घरांत हे अंतर सुमारे ८-९ गुणांवर टिकून राहिलं. गरीब घरांत मात्र ते सुमारे १० वरून २५ पर्यंत वाढत गेलं. म्हणजे लोहाची उणीव आणि घरची ओढाताण एकत्र आली की मूल दोन्हीकडून मार खातं.

आपल्याकडे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. सगळाच रक्तक्षय लोहाअभावी नसतो, हे खरं. पण आकडा झोप उडवणारा आहे.

बाळ आपला लोहाचा साठा मुख्यतः पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत भरून घेतं. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणून सहा महिन्यांनंतर वरचं अन्न वेळेवर हवं, आणि अंगणवाडीतून मिळणारं लोहाचं औषधही. (मनाने देऊ नका हं, डॉक्टरांना विचारून. जास्त लोहही बाधतं.) आईच्या गोळ्यांचंही तसंच. "मळमळतं", "बाळ काळं होतं" म्हणून त्या कपाटात पडून राहतात. मळमळीवर डॉक्टरांकडे उपाय असतो. बाळ काळं होतं ही निव्वळ समजूत.

पण सगळा भार आईवर टाकून मोकळं होऊ नये. ज्या घरात सून सर्वांत शेवटी, उरलेलं जेवते, त्या घराने नातवाच्या हुशारीची काळजी आधी सुनेच्या ताटापासून करावी. दहावीच्या वर्षी बदाम आणि स्मरणशक्तीची टॉनिकं आणणं म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

असो. पुढच्या डोहाळजेवणाला ओटी भराल, तेव्हा हिमोग्लोबिनही विचारा. आगाऊपणा म्हटलं कुणी, तर खुशाल माझं नाव सांगा.