जुनी गाडी ऑइल खातेय? आधी मोजा, मग गॅरेज गाठा

पहिल्या नोकरीला वर्ष-दीड वर्ष झालं, खात्यात थोडे पैसे जमले, की मोबाइलवर जुन्या गाड्यांचे फोटो चाळणं सुरू होतं. आठ-दहा वर्षांची हॅचबॅक, फर्स्ट ओनर, सत्तर हजार किलोमीटर, ‘एकदम टकाटक कंडिशन’. तुम्ही गाडी बघायला जाता. रंग बघता, टायर बघता, एसी लावून बघता, म्युझिक सिस्टिमसुद्धा बघता. डिपस्टिक मात्र बाहेर काढून बघत नाही. आणि तीन महिन्यांनी मिस्त्री बॉनेट उघडून म्हणतो, “साहेब, इंजिन ऑइल खातंय.”

हा प्रश्न आता अनेकांच्या दारात येणार आहे. त्याचं कारण बाजारात आहे. देशात २०२४-२५ या वर्षात सुमारे ४३ लाख नव्या प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. जुन्या गाड्यांची उलाढाल संख्येने त्याहून मोठी असल्याचे अंदाज या धंद्यातल्या कंपन्या देतात. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव टिकत नाही. तिकडे दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंधांची टांगती तलवार आहे. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असा प्रयोग तिथे सुरू झाला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला. त्या धास्तीने तिथल्या गाड्या एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यांत जातात. थोडक्यात काय, तर जास्त वय झालेली गाडी कमी पैशांत मिळणं सोपं झालंय. तिच्या इंजिनाची खरी तब्येत कळणं मात्र होतं तिथेच आहे.

कागद तपासले जातात, इंजिन नाही

जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्र सरकारने नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात आली की तसं पोर्टलवर कळवायचं, तिच्या फेऱ्यांची नोंद ठेवायची. हे चांगलंच आहे. गाडी विकल्यानंतरही जुन्या मालकाच्या नावावर चलन येत राहणं त्यामुळे कमी व्हायला हवं. पण हे सगळे नियम मालकी आणि कागदपत्रांचे आहेत. इंजिन किती ऑइल जाळतं, हे सांगायची सक्ती त्यात कुठेच नाही.

मग पीयूसीमध्ये कळेल ना? नेहमीच नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचं प्रमाण मोजतात, तेही गाडी उभी असताना. एक्सलेटर दाबल्यावर किंवा घाट उतरताना निघणारा निळा धूर त्या दोन मिनिटांत दिसेलच असं नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना ब्रेक, दिवे, प्रदूषण बघतात. ऑइलचा हिशेब तिथेही कोणी मागत नाही. म्हणजे तो हिशेब तुम्हालाच ठेवायचाय.

किती खाणं म्हणजे जास्त?

एक गोष्ट आधी मान्य करू. प्रत्येक इंजिन थोडं ऑइल जाळतंच. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहतो, त्यातला थोडा इंधनाबरोबर जळतो. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिकवरची पातळी बोटभर खाली आली, तर घाबरायचं कारण नाही.

मग रेघ कुठे ओढायची? एक खरं उदाहरण घ्या. अमेरिकेत टोयोटाच्या २००७ ते २००९ च्या काही मॉडेल्समधली २.४ लिटरची इंजिनं भरपूर ऑइल खात होती. तक्रारी आणि कोर्टकज्जे झाल्यावर २०१५ च्या सुमारास कंपनीने पिस्टन आणि रिंगा बदलून देण्यासाठी जादा वॉरंटी दिली. त्यासाठी आधी गाडीची चाचणी व्हायची. १,२०० मैलांत एक क्वार्टपेक्षा जास्त ऑइल गेलं, तर काम करून मिळायचं. आपल्या मापात हे साधारण २,००० किलोमीटरला एक लिटर होतं. नामांकित कंपनीच्या इंजिनातही हा दोष असू शकतो, हा त्यातला एक धडा. दुसरा धडा जास्त कामाचा आहे, तो म्हणजे चर्चा मापावर व्हावी, ‘खूप खातं’ या शब्दांवर नाही.

हे माप आपल्या गाडीला लावून बघा. लहान पेट्रोल इंजिनात साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल मावतं. २,००० किलोमीटरला एक लिटर जात असेल आणि तुम्ही १०,००० किलोमीटरनंतर थेट सर्व्हिसिंगलाच बॉनेट उघडणार असाल, तर मधल्या काळात पाच लिटर लागेल. तेवढं ऑइल इंजिनात कधीच नव्हतं! डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या लाल दिव्यावरही विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलचं प्रेशर दाखवतो, पातळी नाही. तो चालताना पेटला, याचा अर्थ बेअरिंगपर्यंत ऑइल पुरेसं पोचत नाहीये. तेव्हा गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं, ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणायचं नाही.

मोजायची रीत अशी. गाडी सपाट जागी उभी करा. सकाळी, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला, काढा आणि पातळीचा फोटो घ्या. किलोमीटर लिहून ठेवा. १,००० किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा बघा. पातळी मूळ खुणेवर आणायला किती ऑइल ओतावं लागलं, ते मापाच्या बाटलीने मोजा. असं दोनदा करा. पण पातळी किमान खुणेच्या खाली जात असेल, तर हजार किलोमीटरची वाट न बघता आधी ऑइल टाका आणि तेवढं वहीत मांडा.

आता चोर शोधू

ऑइल जायला दोनच वाटा असतात. बाहेर गळतं किंवा आत जळतं.

गळती आधी बघा, कारण ती स्वस्तात सुटते. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्ट आणि क्रँकची पुढची-मागची सील ही नेहमीची ठिकाणं. काही गळती फक्त इंजिन गरम असताना होते, तेव्हा पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून लगेच निकाल देऊ नका. इंजिन धुऊन घ्या, दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि मग टॉर्च मारून ओल कुठे धरलीय ते शोधा. विकायला ठेवलेल्या गाडीचं इंजिन आरशासारखं चकचकीत असेल, तर कौतुक करण्याआधी ते कालच का धुतलं असेल, याचा विचार करा.

दुसरा संशयित म्हणजे ब्रीदर, म्हणजेच पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनाच्या पोटात साठणारे वायू हा व्हॉल्व्ह पुन्हा इनटेककडे पाठवतो. तो चोंदला तर आतला दाब वाढून सीलमधून ऑइल बाहेर ढकललं जातं. उघडाच अडकला तर ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये ओढली जाते. बहुतेक लहान गाड्यांत हा भाग इंजिनकामाच्या तुलनेत अगदी किरकोळ किमतीचा असतो. तो न बघताच ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणणाऱ्याला थांबवा.

यानंतर धूर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. थंड सकाळी दिसणारा पांढरा धूर बऱ्याचदा नुसती वाफ असते. पण इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नसेल, कूलंट कमी होत असेल आणि ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

निळा धूर *कधी* येतो, हे सगळ्यात जास्त सांगून जातं. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच एक भपकारा येऊन नंतर थांबत असेल, तर बोट व्हॉल्व्ह सीलकडे जातं, कारण रात्रभर त्यातून ऑइल खाली झिरपलेलं असतं. दुसरी परीक्षा घाटात. मित्राला मागच्या गाडीत बसवा. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सलेटरवरून पाय काढा आणि उतार संपल्यावर दाबा. त्या क्षणी मागे निळा ढग दिसला, तर पुन्हा व्हॉल्व्ह सील किंवा गाइड. चढावर, जोर लावताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडरची झीज. टर्बो डिझेलमध्ये टर्बोचे सीलही यादीत घ्या, इंटरकूलरच्या पाइपमध्ये ऑइल साठलंय का ते बघायला सांगा.

आपल्याकडे जुन्या सीएनजी गाड्या खूप विकल्या जातात, म्हणून एक इशारा. सीएनजीवर ऑइल लवकर काळं पडत नाही. डिपस्टिकवर सोनेरी ऑइल दिसलं म्हणून इंजिन तरुण समजू नका. रंगापेक्षा पातळी महत्त्वाची.

इंजिन खोलण्याआधीचा पुरावा

इथवरचं काम तुम्ही स्वतः करू शकता. पुढे गॅरेज लागतं. तिथला पहिला प्रयोग तुम्ही पाहिला असेल. चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढतात आणि भकाभका हवा आली की ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ असा निदानाचा शिक्का बसतो. ही खूण आहे, पुरावा नाही. थोडी हवा बऱ्याच चांगल्या इंजिनांतही येते आणि ब्रीदर चोंदलेला असेल तरीही येते.

पुरावा म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट. पेट्रोल गाडीचे सगळे प्लग काढतात. एखाद्याच प्लगवर ऑइलची काळी ओल असेल, तर दोष त्या सिलिंडरचा. मग प्रत्येक सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारतात. सगळे आकडे कंपनीने दिलेल्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा बराच खाली असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर झीज रिंगांकडे आहे, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजवली. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट बघायचं.

इथे एक मेख आहे. कॉम्प्रेशन उत्तम आलं, तरी इंजिन ऑइल खात असू शकतं. पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, सगळ्यात खालची ऑइल खरवडून परत पाठवते. ती खालची रिंग कार्बनने चिकटली तर गेजला पत्ता लागत नाही आणि ऑइल मात्र जळत राहतं. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाड्यांत हे बऱ्याचदा दिसतं. म्हणून एका चाचणीवर निकाल देऊ नका. धूर, प्लग, गेज आणि तुमची वही, चारही एकत्र वाचा.

काम करायचं की ऑइल टाकत राहायचं?

आता पैशांचं बोलू. समजा गाडी १,००० किलोमीटरला अर्धा लिटर खाते, वर्षाला १२,००० किलोमीटर चालते आणि ऑइल लिटरला ५०० रुपये धरलं. वर्षाचा जादा खर्च ३,००० रुपये. मिस्त्रीने ‘हाफ इंजिन’चे ३०,००० सांगितले, तर निव्वळ ऑइलच्या बचतीतून ते वसूल व्हायला दहा वर्षं लागतील. गाडी स्वतःच तेवढी टिकेल का?

पण हा हिशेब एवढ्यावर संपत नाही. जळलेल्या ऑइलमधल्या फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो आणि तो भाग महागडा असतो. वैध पीयूसीशिवाय सापडलात तर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि तो निळा धूर तुमच्या मागच्या दुचाकीवाल्याच्या नाकातोंडात जातो, याचं बिल कोणीच लावत नाही.

त्यामुळे साधी विभागणी करा. गळती, ब्रीदर आणि व्हॉल्व्ह सील यांचं काम करून घ्या, बहुतेक लहान गाड्यांत ते परवडतं. रिंगांचा दोष पक्का असेल, खाणं कमी असेल आणि धूर दिसत नसेल, तर दर आठवड्याला डिपस्टिक बघत, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल टाकत गाडी चालवता येते. धूर डोळ्यांना दिसत असेल, तर काम करा किंवा गाडी निकालात काढा. दाट ऑइल किंवा ‘ट्रीटमेंट’ची बाटली ओतून धूर लपवणं म्हणजे दुखणं पुढच्या माणसाच्या गळ्यात मारणं. तो पुढचा माणूस बहुधा तुमच्याच वयाचा असतो.

घेताना हे मागा

गाडी बघायला सकाळी, न सांगता लवकर जा आणि बॉनेटला हात लावा. इंजिन आधीच गरम असेल तर का, ते विचारा. थंड इंजिनावर तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. सर्व्हिसच्या पावत्यांत मधल्यामध्ये ऑइल टाकल्याची नोंद आहे का बघा. कॉम्प्रेशनचे आकडे लेखी मागा आणि ‘दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये किती ऑइल टाकावं लागतं’ याचं उत्तर डीलरकडून व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या. डीलरकडून घेतलेल्या गाडीबद्दल ग्राहक आयोगात जाता येतं, पण तिथे तोंडी ‘टकाटक’ला किंमत नसते.

आणि मागणी फक्त डीलरकडे करून भागणार नाही. जुन्या गाड्यांबद्दलचं आपलं धोरण वयावर चालतं, दहा वर्षं, पंधरा वर्षं. नीट सांभाळलेली चौदा वर्षांची गाडी स्वच्छ चालू शकते आणि हेळसांड झालेली सहा वर्षांची निळा धूर ओकू शकते. डीलरसाठी पोर्टल आहे, अर्ज आहेत, नोंदवह्या आहेत. त्यात कॉम्प्रेशनचे आकडे आणि ऑइलचा खप असे दोन रकाने वाढवायला नवा कायदा लागणार नाही, नियमात दुरुस्ती पुरेल. ते रकाने येईपर्यंत फडकं आणि डिपस्टिक तुमच्याच हातात आहे.