नवा सभासद व दुसरी सभा

द्राक्ष-बागाइतदारांच्या चर्चासत्रांस एप्रिलांतील खरडछाटणी व ऑक्टोबरांतील फळछाटणी जवळ आली म्हणजे मंडप भरतो, आणि चालक मंडळी समाधान पावतात. आमच्या मतें मात्र मंडप भरणें ही सभेची खरी कसोटी नव्हे. प्रथम आलेला बागाइतदार दुसऱ्या खेपेस येतो किंवा नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

तो येत नाहीं याचें कारण त्याच्या आळसांत शोधणें अन्यायाचें होय. ‘सबकेन’, ‘डिपिंग’, ‘जीए’ हे शब्द जाणत्यांच्या तोंडीं सहज येतात. नवख्यास ते उमगत नाहींत, व चारचौघांत विचारण्याचा संकोच वाटतो. जुने सभासद आपसांत बोलतात, चहा होतो, आणि नवा मनुष्य मुकाट्यानें घरीं जातो. पुढें पानांवर केवडा दिसला, कीं सल्ल्यासाठीं त्यास औषधांचें दुकान तेवढें उरतें. विकणाराच सल्लागार झाल्यावर फवारण्या वाढाव्या, यांत नवल तें काय?

या बाबतींत इंडोनेशियांतील भातशेतकऱ्यांचा कित्ता गिरविण्याजोगा आहे. तेथें १९८९ सालीं किडींच्या बंदोबस्तासाठीं शेतीशाळा सुरू झाल्या. सुमारें २५ शेतकरी हंगामभर दर आठवड्यास शेतांतच जमत. पांच-पांचांचे गट करून किडी व मित्रकीटक मोजीत, दिसलें तें कागदावर रेखाटीत आणि सर्वांपुढें मांडीत. प्रत्येकाच्या हातीं काम असल्यामुळें कोणी नुसता प्रेक्षक राहत नसे. आणि मागील आठवड्याच्या निर्णयाचें फळ पाहण्यास पुन्हा यावेंसें वाटे. महाराष्ट्रांतील कृषिखात्याच्या शेतीशाळाही याच पद्धतीवरून घेतलेल्या आहेत.

तेव्हां चालकांस आमची सूचना अशी कीं, नवागताशेजारीं त्याच्याच शिवारांतील एक जुना सभासद बसवावा. सबकेन म्हणजे शेंडा खुडल्यावर फुटलेली बगलेची काडी, इतक्या साध्या मराठींत प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगावा. नवागताच्या बागेंतील अडचण टिपून ठेवून पुढील सभेचा आरंभ तिच्यापासूनच करावा. आपली अडचण जेथें निघावयाची, ती सभा शेतकरी सहसा चुकवीत नाहीं. शिवाय हजेरीच्या वहींत दुसऱ्यांदा आलेल्यांची संख्या निराळी मांडावी.

लागणीचें पाणी सर्वच देतात. पण आंबवणी चुकली तर रोप जगत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.